उन्हाळ्याचा निबंध आणि बाथरूमची चाबी



होळी झाली की आपल्या शाळांमधून एक निबंध हमखास लिहून घेतला जातो. 'उन्हाळ्यात घ्यावयाची काळजी'. मीही घेते. बारा वर्षांच्या नोकरीत एकही मार्च असा गेला नाही की हा निबंध मी तपासला नाही. मुलांना तो पाठच झालेला असतो. उन्हात फिरू नये. डोक्याला रुमाल बांधावा. सुती व सैल कपडे घालावेत. भरपूर पाणी प्यावे. उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत. दहा ओळी, दहापैकी आठ-नऊ गुण, खाली लाल शाईत 'छान'. संपला उन्हाळा.

मागच्या वर्षी चौथीच्या एका मुलीने हा निबंध फार सुरेख लिहिला होता. अक्षर मोत्यासारखं, एकही ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. 'भरपूर पाणी प्यावे' या वाक्याखाली तिने स्वतःच रेघ मारली होती. मी तिला दहापैकी दहा दिले आणि वर्गात वाचूनही दाखवायला लावला. त्याच दिवशी शाळा सुटताना ती दप्तर भरत होती आणि माझं लक्ष तिच्या पाण्याच्या बाटलीकडे गेलं. बाटली काठोकाठ भरलेली. सकाळी सातला घरून आणली तशीच. बाहेर ऊन असं की व्हरांड्याची फरशी अनवाणी पायाला सोसत नव्हती.

मी विचारलं, "अगं, पाणी प्यायलीच नाहीस?" ती काहीच बोलली नाही. खाली बघत राहिली. शेजारची जरा धीट, ती म्हणाली, "म्याडम, पानी पेलं का मंग बाथरूमले जा लागते. अन् चाबी सरले मागा लागते."

आमची शाळा द्विशिक्षकी आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात. मुख्याध्यापक सर आणि मी. मुलींचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे. सुट्टीच्या दिवशी बाहेरचे लोक येऊन वापरायचे, घाण करून ठेवायचे, म्हणून त्याला कुलूप लावायची कल्पना दोन वर्षांपूर्वी कोणी काढली असेल? मीच. चाबी ऑफिसात, सरांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. सर अगदी सज्जन माणूस, कधी कुणाला रागावून बोलायचे नाहीत. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीने ऑफिसच्या दारात उभं राहून 'सर, चाबी' म्हणायचं, तेही आत गावातले दोन-तीन पुरुष बसलेले असताना! मुलींनी त्यावर आपला उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही.

मी त्या दिवशी घरी आले आणि जेवण गेलं नाही. जिला दहापैकी दहा दिले, ती सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत घोटभर पाणी न पिता मला 'भरपूर पाणी प्यावे' वाचून दाखवत होती, आणि मी टाळ्या वाजवायला लावत होते.

म्हणून आज हे लिहितेय. उन्हाळ्याची काळजी हा विषय आपण भाषेच्या वहीत ठेवलाय, तो तिथून काढून शाळेच्या कारभारात आणला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाला काय करायचं ते माहीत असतं. ते करता येईल अशी सोय आपण ठेवलेली असते का, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मुलांनी द्यायचं नसून आपण द्यायचं आहे.

आधी थोडं शरीराबद्दल, कारण पुष्कळ पालकांना वाटतं की मुलं काटक असतात, त्यांना ऊन लागत नाही. उलट आहे. मुलाचं वजन कमी, पण वजनाच्या मानाने अंगाची कातडी मोठ्या माणसापेक्षा जास्त. म्हणजे बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल तर उष्णता आत शिरायला जागा जास्त. घाम मोठ्या माणसापेक्षा कमी येतो. धावताना-खेळताना शरीरात तयार होणारी उष्णता मात्र वजनाच्या मानाने जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खेळाच्या नादात मुलाला तहान कळत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. तीस किलोच्या मुलाच्या अंगातलं सहाशे मिलिलिटर पाणी कमी झालं, म्हणजे साधारण तीन पेले, तरी त्याचं डोकं जड होतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. 'हा पोरगा चौथ्या तासाला नेहमी झोपा काढतो' असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याला एकदा दुसऱ्या तासाला पाणी पाजून बघा. मी बघितलंय. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा फरक दिसतो.

मुलींच्या बाबतीत अजून एक. पाणी कमी प्यायचं आणि लघवी तासन् तास धरून ठेवायची, यातून लघवीची जळजळ सुरू होते. आपल्याकडे त्याला 'उन्हाळी लागली' म्हणतात. नाव ऋतूवरून पडलंय खरं, पण कितीतरी मुलींना ती शाळेच्या बंद दारामुळे लागत असेल. आई घरी धने-जिऱ्याचं पाणी देते, दोन दिवस बरं वाटतं, सोमवारी पुन्हा शाळा. जळजळीबरोबर ताप असेल, पोटात किंवा पाठीत दुखत असेल तर धने-जिऱ्यावर थांबू नका, दवाखान्यात न्या.

आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. चाबी ऑफिसातून काढली आणि चौथीच्या वर्गात दारामागे, दुसरीतल्या मुलीचाही हात पुरेल एवढ्या उंचीवर खिळा ठोकून तिथे लावली. मागायचं नाही, विचारायचं नाही, चाबी घ्यायची, जायचं, आणून लावायची. आत एक झाकणाची बादली आणि मग ठेवला. कडी मोडलेली होती, ती गावातल्या सुताराकडून बसवून घेतली. सगळा खर्च तीनशे रुपयांच्या आत. तीनशे रुपये आणि एक खिळा, यासाठी दोन उन्हाळे गेले.

मग पाण्याची घंटा. ही कल्पना आपली नाही, केरळमधल्या शाळांमधून २०१९ च्या सुमारास ती देशभर पोचली. ठरलेल्या वेळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी एकदम पाणी प्यायचं. सकाळच्या शाळेत आम्ही ती तीनदा वाजवतो. शिक्षकानेही मुलांसमोर प्यायचं, हे महत्त्वाचं. (मी स्वतः किती कमी पाणी पिते ते मला घंटा सुरू केल्यावर कळलं.) काही शिक्षक मित्र म्हणतात, "मॅडम, पाणी-पाणी करून तास बुडतो, मग अर्धा वर्ग बाथरूमच्या रांगेत." बुडतात की. तीन घंटांची मिळून दहा-बारा मिनिटं जातात. पण तहानलेल्या वर्गासमोर भागाकार शिकवून तुमची किती मिनिटं वाचतात, तेही मोजा एकदा.

मुलांना एक मोजमाप शिकवलंय, त्यावर ती खूप हसतात, पण विसरत नाहीत. लघवीचा रंग. फिकट लिंबाच्या सरबतासारखा असेल तर पाणी पुरेसं आहे. हळदीच्या पाण्यासारखा गडद झाला तर कमी पडलंय. चौथीच्या मुलाला 'दररोज दीड ते दोन लिटर पाणी प्यावे' म्हटलं तर काही बोध होत नाही, लिटर त्याला गणितातच माहीत असतो. रंग मात्र त्याचा त्याला दिसतो.

आता शाळेच्या वेळेबद्दल. सकाळची शाळा म्हणजे उन्हापासून सुटका, असं आपण धरून चालतो. २०२५ मध्ये शिक्षण विभागाने राज्यभर प्राथमिक शाळांसाठी उन्हाळ्यात सकाळी सात ते सव्वाअकरा अशी वेळ ठरवली. वर्ग उन्हातून वाचतो हे खरंच. पण मूल सव्वाअकराला वर्गातून निघतं, त्यानंतर ते कुठे असतं? रस्त्यावर. आमच्याकडे दोन टोल्यांवरची मुलं दीड-दोन किलोमीटर चालत जातात. वाटेत मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे धानाची मोकळी बांधी, एक झाड नाही. म्हणजे सकाळच्या गारव्यात मूल सावलीत बसलेलं असतं आणि सूर्य डोक्यावर आला की त्याला आपण बाहेर काढतो.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. टीव्हीवर 'चंद्रपूर ४४ अंश' दाखवतात ते तापमान सावलीतलं असतं. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो, म्हणजे त्याला थेट ऊन लागतच नाही. मुलगा मात्र उन्हात चालतो, आणि त्याचं डोकं तापलेल्या जमिनीला आपल्यापेक्षा जवळ असतं. त्यातून पायात चप्पल नसली तर विचारूच नका. माझ्या वर्गात मागच्या एप्रिलमध्ये तीन मुलं अनवाणी येत होती. दोघांच्या चपला तुटलेल्या होत्या, आणि तिसऱ्याची भावाने घातली होती, कारण भावालाही कुठेतरी जायचं होतं. निबंधात 'पायात चप्पल घालावी' ही ओळ त्या तिघांनीही लिहिली असती तर मला काय वाटलं असतं कोण जाणे.

मुलांना वेळ कळत नाही, पण सावली कळते. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही सावली मोजतो. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर बाहेर खेळायला हरकत नाही. सावली आपल्याएवढी किंवा त्याहून छोटी झाली की झाडाखाली किंवा घरात. एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊच्या आत-बाहेरच सावली बुटकी होते आणि दुपारी तर पायापाशी गोळा झालेली असते. आमच्या चंद्रपूरला २० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशीच होते. हा शून्य सावलीचा दिवस सुट्टीत येतो म्हणून आपल्याला तो मुलांना दाखवता येत नाही, ही माझी एक जुनी हळहळ आहे. पण पालकांनो, घराच्या अंगणात सावलीतून तुम्ही दाखवू शकता. नागपूरकडे आणखी पाच-सहा दिवसांनी.

हे सावलीचं माप मी मोठ्यांनाही सांगते, कारण आपले कार्यक्रम बघा. स्वागताला मुलांच्या दोन रांगा, हातात फुलं, पाहुणे अकराला येणार ते साडेबाराला येतात. प्रभातफेरी 'प्रभात' संपल्यावर निघते. मोठ्या माणसांच्या बाबतीतही आपण २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरला पाहिलं. उघड्या मैदानात दुपारी चाललेला पुरस्काराचा कार्यक्रम, आणि उष्माघाताने माणसं गेली. तिथला पारा आमच्या विदर्भासारखा पंचेचाळीसवर नव्हता, चाळिशीच्याही आत होता. पण समुद्राकाठची दमट हवा असली की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून कोकण-मुंबईच्या शिक्षकांनी 'आमच्याकडे कुठे चाळीस होतं' असं म्हणून निश्चिंत राहू नये. किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच, सरासरीहून साडेचार अंश जास्त असेल तर, हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. मैदानी भागात हीच सुरुवात ४० ला.

आणि परीक्षा. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा सगळ्या राज्यात एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिलच्या दरम्यान झाल्या. शाळा लवकर ओस पडू नयेत, शिकवायचे दिवस वाया जाऊ नयेत, हा हेतू मला पटतो. शिक्षक म्हणून मीही पाहिलंय की मार्चअखेर परीक्षा झाली की एप्रिलमध्ये पटावर मुलं असतात आणि वर्गात नसतात. पण महाबळेश्वर आणि ब्रह्मपुरीचा एप्रिल एकच कसा असेल? जून महिन्यात आपण हे मान्य करतोच. विदर्भातल्या शाळा बाकी राज्याच्या आठवडाभर उशिरा उघडतात, कारण इथलं ऊन जूनमध्येही ओसरलेलं नसतं. मग जूनला जे मान्य, ते एप्रिलला का नको? जिल्ह्याला, निदान विभागाला आपलं वेळापत्रक ठरवू द्यावं. जूनमध्ये आठ दिवस जास्त गेले तरी चालतील, नाहीतर हिवाळ्यात शनिवार पूर्ण भरवा.

त्याच परीक्षेच्या दिवसांत तिसरीतला एक मुलगा पेपर देऊन उठला आणि व्हरांड्यात ओकला. चेहरा पांढरा, अंग घामाने चिंब, डोकं दुखतं म्हणाला. मला आधी वाटलं की उपाशी आला असेल. आशाताई योगायोगाने शाळेत आल्या होत्या, त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ऊन लागलंय. व्हरांड्याच्या सावलीत झोपवलं, पाय थोडे वर, सदऱ्याची बटणं सोडली, ओल्या दुपट्ट्याने अंग पुसत राहिलो आणि पुठ्ठ्याने वारा घातला. त्यांच्या पिशवीतलं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून घोट-घोट पाजलं. अर्ध्या-पाऊण तासाने पोरगा उठून बसला आणि पहिलं काय विचारलं, तर "म्याडम, माहा पेपर जमा केला ना?" मग आरोग्य केंद्रात दाखवून आणलं.

त्या दिवशी आशाताईंनी जो फरक समजावला तो प्रत्येक शिक्षकाला आणि आईबापाला माहीत हवा. घाम येतोय, मळमळतंय, चक्कर येतेय, पण मूल शुद्धीत आहे, नाव विचारलं तर नीट सांगतंय, तर वर केलं तसं करायचं, आणि तासाभरात बरं वाटलं नाही तर दवाखाना. पण मूल बरळायला लागलं, ओळखेनासं झालं, झोकांड्या द्यायला लागलं, झटका आला, बेशुद्ध झालं, अंग तव्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात. तिथे वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत हाताला लागेल त्या पाण्याने मुलाला भिजवायचं. मान, काखा, जांघा इथे ओली फडकी, आणि सतत वारा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जाऊ शकतं. तापाची गोळी द्यायची नाही. हा तो ताप नाही, गोळीने उतरत नाही. अंग जितक्या लवकर थंड होईल तितका जीव वाचायची शक्यता जास्त. रुग्णालय गाठण्याच्या घाईत भिजवणं विसरू नका.

ओआरएसबद्दल पालकांनी एक लक्षात ठेवावं. दुकानात फळांच्या चवीच्या, रंगीत खोक्यातल्या पेयांवर ओआरएस असं लिहिलेलं असायचं आणि आपण तेच आजारी मुलाला पाजत होतो. त्यात साखर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असायची. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर हे नाव छापायला मनाई केली. तरी जुना माल, जुनी सवय. औषधाच्या दुकानातून किंवा आरोग्य केंद्रातून पावडरीचं पाकीटच घ्या, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा. अर्ध्या पाकिटाचा अंदाज बांधू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवलं तर फायद्याऐवजी तोटा. आणि हे आजारपणात. रोजच्यासाठी ताक, पन्हं, आंबील, पेज हे आपल्या घरातलं उत्तम आहे. आमच्याकडे आंबील पिऊन शेतावर गेलेला माणूस दुपारपर्यंत टिकतो, आणि बिस्किटाचा पुडा खाऊन आलेलं मूल दहालाच मान टाकतं.

खिशातल्या कांद्याचं काय, असं पालक सभेत एका आजीने विचारलं. मी म्हटलं, "आजी, खिशातला कांदा ताटात घ्या, त्याचा उपयोग होईल." सगळे हसले, आजीही हसल्या. दुसऱ्या दिवशी नातवाच्या खिशात कांदा होताच. मी काही बोलले नाही. कांद्यासोबत तिने डोक्याला ओला दुपट्टाही बांधून पाठवला होता, तो कामाचा होता.

पालक सभेत नेहमी ऐकायला मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे, "आम्ही नाही का लहानपणी दिवसभर उन्हात हुंदडलो, आम्हाला काय झालं?" खरं आहे. पण आठवून बघा, तुम्ही दुपारी परत कुठे यायचात? कवेलूच्या छपराखाली, मातीच्या जाड भिंतीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर. दारापुढे जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव. रात्री अंगणात खाट. आता बहुतेकांच्या घरावर स्लॅब नाहीतर पत्रा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता आत सोडत राहतो. रात्री अंग थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट भारी पडतं. मी घरं पाडा म्हणत नाही. पण पत्र्यावर तणस टाकणं, वरून चुन्याचा पांढरा हात देणं, उन्हाच्या बाजूच्या खिडकीला ओलं पोतं लावणं हे जमण्यासारखं आहे. आमच्या शाळेच्या पत्र्याच्या खोलीवर मुलांच्या वडिलांनीच एका रविवारी चुना मारून दिला. खोली गार झाली असं म्हणणार नाही, पण दहा वाजता तिथे बसवत नव्हतं ते आता बसवतं.

आणि शाळेत सगळ्यात जास्त कोण भाजतं ते कधी पाहिलंत का? पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. पत्र्याचं शेड, आत चूल, बाहेर ४३. मुलांच्या काळजीचे फलक त्यांच्या शेडच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेले. मुलांबरोबर पाण्याची घंटा त्यांच्यासाठीही आहे, हे आम्ही ठरवून घेतलंय, आणि उन्हाळ्यात चूल सकाळी साडेसातलाच पेटते. मात्र लवकर शिजलेली खिचडी तासन् तास झाकून ठेवायची नाही. ती गरम असतानाच, साडेनऊच्या सुट्टीत वाढून संपवायची.

सुट्टी लागल्यावरचं पालकांच्या हातात. आमच्या भागात मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलं आणि मे म्हणजे तेंदूपत्ता. पूर्ण घर पहाटे जंगलात जातं, मूलही जातं. 'मुलांना कामाला नेऊ नका' असं मी ऐटीत लिहू शकते, पण त्या पंधरा दिवसांच्या पैशावर शाळेच्या चपला येतात हे मला माहीत आहे. तेव्हा एवढंच मागते. मुलाला एकटं पुढे पाठवू नका (वाघाची भीती तुम्हाला मी काय सांगावी), आठ-साडेआठला त्याला घरी परतवा, पुडे बांधायचं काम सावलीत बसून होतं ते त्याला द्या, आणि पाण्याची डबकी मोठ्या माणसाच्या खांद्याला असली तरी मुलाची वेगळी बाटली त्याच्या गळ्यात असू द्या. दुपारी तलावात, खाणीच्या पाण्यात पोहायला जाणारी पोरं हा उन्हाळ्याचा आणखी एक धोका. पोहायला मोठं माणूस सोबत असल्याशिवाय नाही, यात तडजोड नको. गावाला जाताना दुपारी बाराला मोटारसायकलच्या टाकीवर पुढे बसवलेलं लेकरू तर मला बघवत नाही. पहाटे निघा, नाहीतर संध्याकाळी.

निबंधाचं काय करायचं? मी तो बंद केलेला नाही, विषय बदललाय. यंदा चौथीला लिहायला दिलं, 'आज सकाळपासून मी किती पाणी प्यायलो आणि का.' तीन मुलांनी जुन्या सवयीने 'भरपूर' लिहिलं. बाकीच्यांनी खरं लिहिलं. एकाने लिहिलं की बाटलीच्या झाकणातून पाणी गळतं आणि वही ओली होते म्हणून तो बाटली आणत नाही. एकीने लिहिलं की रांजणातल्या पाण्याला वास येतो. सरांनी आणि मी जाऊन बघितलं, खरंच येत होता, तळाशी शेवाळ धरलं होतं. त्या दोघांना पूर्ण गुण दिले, शुद्धलेखनाच्या चुका होत्या तरी.

रांजण घासून घेतला. आता अडचण वेगळीच आली आहे. शाळेची बोअर मार्च संपायच्या आत ओढायला लागली, दहा मिनिटं पंप चालतो आणि मग हवा येते. पिण्यापुरतं पाणी शेजारच्या घरून येतं, पण बाथरूमची बादली गुरुवारनंतर रिकामी असते, आणि शुक्रवारी-शनिवारी मुलींच्या बाटल्या पुन्हा भरलेल्या घरी जायला लागल्या आहेत. मी बघते ना रोज. सोमवारी सर आणि मी ग्रामपंचायतीत टँकरचा अर्ज घेऊन जाणार आहोत. चौथीच्या दोन मुलींनी विचारलंय की त्या पण येऊ का. चला म्हटलं.